एक पन्ना, तीन इंच

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईने माऊस हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात सोडून दिला. "पळतंय की हे," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला. माऊसला तेल लागलेलं असावं तसा.

आई एकाहत्तरची. इचलकरंजीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, ती चव्वेचाळीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तिच्याशी बोलायची सोय नसते. तोंडात टाचण्या असतात. दिवाळी सरली की मात्र तिला करमत नाही. त्या रिकाम्या दिवसांसाठी मी पुण्याहून माझा जुना कॉम्प्युटर घेऊन गेले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ठिगळं लावायचं बंद केलं, आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्राच्या अंगात बसत नव्हतं. धडधाकट यंत्र भंगारात घालायला हात धजेना. म्हणून त्यावर लिनक्स मिंट घातलं, त्यातली एक्सएफसीईची हलकी आवृत्ती. कॉम्प्युटर उठून बसला. फक्त त्याचा माऊस पुण्यातच राहिला होता, तो गावातल्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना नवा घेतला.

कल्पना आईचीच होती. तिच्याकडे मापाच्या वह्यांचा गठ्ठा आहे. गिऱ्हाइकाचं नाव, खाली छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. एखादी लेक लग्न होऊन गेली आणि सहा वर्षांनी माहेरपणाला आली, की तिचं जुनं पान शोधायला गठ्ठा उपसावा लागतो. हे सगळं कॉम्प्युटरात घातलं तर नाव टाकल्यावर पान निघेल, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये रकाने आखून दिले. रकाने तिला लगेच कळले. तिच्या वहीतलेच होते ते. अडलं ते रकान्यापर्यंत पोचण्यात. बाण "मुंढा"वर नेऊन ठेवायचा, तर तो "मागचा गळा" ओलांडून पडद्याच्या बाहेर जायला निघायचा. माघारी आणावा तर थेट "नाव" गाठायचा.

मी सेटिंग्ज उघडली. माऊससाठी तिथे एक सरकपट्टी असते. डावीकडे न्याल तसा बाण मंद होतो, उजवीकडे न्याल तसा जोरात. मी ती थोडी डावीकडे घेतली. "आता?" आई म्हणाली, पळतंयच. आणखी डावीकडे. आता तो हळू हलवला तर जागचा हलेना आणि झटका दिला की सुसाट. मी पुन्हा थोडी उजवीकडे घेतली. हा खेळ आम्ही दहा मिनिटं खेळलो. मग आईने असा एक प्रश्न विचारला, की इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरूनही तो मला कधी सुचला नव्हता.

"ह्या पट्टीवर इंच कुठं आहेत?"

नव्हते. कुठल्याच कॉम्प्युटरच्या त्या पट्टीवर इंच नसतात. किती वेग हवा ते तुम्ही सांगायचं आणि कशाच्या मानाने ते सांगायचं नाही. आईच्या धंद्यात याला रेडिमेड म्हणतात. एक माप काढायचं, सगळ्यांना चढवायचं, कुणाला खांद्यात सैल, कुणाला काखेत घट्ट, आणि वर "फ्री साइज" अशी चिठ्ठी.

खरं तर माऊस हे यंत्र जन्मल्यापासून मोजमापाचंच आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४मध्ये कॅलिफोर्नियात पहिला माऊस बनवला, तो लाकडाचा ठोकळा होता. त्याच्या पोटात एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवं अंतर मोजणारं, दुसरं उभं. १९७०मध्ये त्याचं पेटंट मिळालं, त्यातही त्याला उंदीर म्हटलेलं नाही; पडद्यासाठी आडव्या-उभ्या जागेचा दर्शक, असं रुक्ष नाव आहे. पुढे माऊसच्या सर्वांत लहान हालचालीला मिकी हे एकक पडलं, कार्टूनमधल्या उंदरावरून. एक मिकी म्हणजे साधारण इंचाचा दोनशेवा भाग.

चाकं गेली, रबरी गोळी आली. ती गोळी मी हाताळली आहे. दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. इचलकरंजीत ज्या कॉम्प्युटर क्लासला मी जायचे, त्याच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग होते. दारं-खिडक्या लावल्या तरी मागांवरून उडालेला कापूस आत यायचा, टेबलावर बसायचा, आणि माऊसच्या गोळीला चिकटून पोटातल्या रुळांवर गुंडाळला जायचा. दर दोन दिवसांनी बाण अडखळायला लागायचा. मग सर माऊस पालथा करून झाकण फिरवायचे, गोळी तळहातावर घ्यायचे आणि एखाद्या मुलीकडून केसाची पिन मागून रुळांवरचं सूत खरवडायचे. सूतच निघायचं ते, करड्या रंगाचं, पीळ पडलेलं. हा रोग इचलकरंजीबाहेर एवढा नसेल.

आता गोळीही गेली. आजच्या माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजाराहून जास्त वेळा टेबलाचा फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. म्हणजे काय, तर मोजतोच. इंचभर सरकल्यावर तो किती अंक मोजतो, याला डीपीआय म्हणतात. त्यातला शेवटचा आय इंचाचा.

हे मी आईला सांगितलं आणि तिचा चेहरा बदलला. आत्तापर्यंत ती माझ्या राज्यात होती. इंच म्हटल्यावर मी तिच्या राज्यात आले. तिने गळ्यातली टेप काढली, ती पिवळी, साठ इंची, दोन्ही टोकांना पत्रा असलेली, आणि टेबलावर ताणून धरली. "सरकव."

मी माऊस टेपच्या कडेने शून्यापासून तीन इंचांपर्यंत हळू नेला. बाण पडद्यावर एवढासा सरकला. परत आणला. मग तेच तीन इंच आईने जरा जोरात नेले. बाण पार टोकाला जाऊन आपटला. तिने पुन्हा केलं, मधल्या वेगाने. तिसरीच जागा. आई टेपकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"ही पट्टी रबराची आहे."

अगदी बरोबर. आणि रबर मुद्दाम घातलेलं आहे. हात सावकाश हलला तर माणसाला बारीक जागी टेकायचं असणार, म्हणून बाण आणखी सावकाश न्यायचा; हात झपकन हलला तर त्याला लांब जायचं असणार, म्हणून बाण हाताच्या पुढे पळवायचा. लिनक्सवरच्या जुन्या एक्स विंडो प्रणालीत याचा हिशेब बाळबोध होता. एक गुणक, नेहमीचा दोन, आणि एक उंबरठा, नेहमीचा चार. थोड्या वेळात हालचाल चार ठिपक्यांचा उंबरठा ओलांडून गेली, की दुप्पट करा. आता हे काम लिबइनपुट नावाची प्रणाली करते. रेड हॅटमधले पीटर हटरर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तिच्यावर खपताहेत. तिच्यात उंबरठ्यावरची एकदम उडी नाही, चढण आहे: वेग जसा वाढेल तसा गुणक वाढत जातो. कल्पना हुशार आहे, यात वाद नाही. मोठा पडदा आणि छोटं टेबल असेल तर तिच्यावाचून हात टेबलावरून खाली पडेल. पण ती तुमच्या मनातलं ओळखायला बघते, आणि आईला तिच्या मनातलं ओळखणारी माणसंसुद्धा आवडत नाहीत.

आईचा हात वेगळा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. चव्वेचाळीस वर्षं तिने कापड सुईखाली सरकवलंय. तो हात घाई करत नाही, थांबतही नाही. एका लयीत पुढे जातो आणि वळण आलं की तेवढ्यापुरता हलका होतो. माझा हात बारा वर्षं मजकूर जुळवून धसमुसळा झालेला. झपकन न्यायचा, पुढे गेला की मागे ओढायचा. रबर माझ्यासारख्यांसाठीच आहे. आईला सरळ पट्टी हवी होती.

ती काढायला मी आधी चुकीच्या वाटेने गेले, तेही सांगून टाकते. माझ्या वहीत जुनी आज्ञा लिहिलेली होती: एक्ससेट, मग एम, मग दोन आकडे. मी ती काळ्या खिडकीत टाईप केली, एंटर मारलं. काही बोललं नाही. चूक नाही, सूचना नाही. मी आनंदले. बाण मात्र होता तसाच. थोड्या वेळाने ध्यानात आलं, की माऊसची सूत्रं लिबइनपुटकडे गेल्यावर ती आज्ञा म्हणजे बंद पडलेल्या पेटीत टाकलेलं पत्र. पेटी पत्र घेते, हू की चू करत नाही, आणि पत्र कुठेच जात नाही.

मग योग्य वाट. एक्सइनपुट लिस्ट म्हटलं की जोडलेल्या वस्तूंची यादी येते, त्यात आपला माऊस नावानिशी असतो. त्याचे गुणधर्म मागितले की वीस-पंचवीस ओळी सांडतात. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. एक वेगाची, जिच्यात उणे एक ते अधिक एक यांमधला आकडा बसतो आणि आरंभी शून्य असतो. दुसरी चालीची: हाताच्या वेगाप्रमाणे बदलणारी चाल की सपाट चाल. मी सपाट चाल दिली. सपाट म्हणजे गुणक एकच, हळू न्या नाहीतर जोरात न्या. आईने टेप पुन्हा ताणली. तीनदा सरकवून बघितलं, हळू, मध्यम, जोरात. "आता सरळ झाली," म्हणाली. "पण पळतंय अजून."

पळणारच होता. या माऊसच्या खोक्यावर डीपीआय छापलेला नव्हता, म्हणून तोही मोजायचं ठरवलं. लिनक्सवर त्यासाठी एक छोटं साधन मिळतं. तुम्ही माऊस सरकवायचा, ते नुसते अंक मोजतं. अंतर तुमचं तुम्ही मोजायचं. शिंपिणीच्या घरात याहून सोपं काय? आईने टेपवर चार इंचांच्या खुणेशी खडूची रेघ ओढली, माऊस शून्याला लावला आणि कापड सरकवावं तसा रेघेपर्यंत नेला. ६,२९०. पुन्हा. ६,४१०. पुन्हा. ६,३७०. म्हणजे इंचाला सोळाशेच्या आसपास. पडदा १,३६६ ठिपके रुंद. सपाट चालीत एका अंकाला एक ठिपका धरला, तर पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला पाऊण इंचाहून थोडंसंच जास्त अंतर लागत होतं.

आईला मी तो आकडा तिच्या भाषेत सांगितला. ती चकित झाली. "हुकपट्टीच्या रुंदीत अख्खा पन्ना बसवलाय?" कापडाच्या रुंदीला पन्ना म्हणतात. पडद्याच्या रुंदीला दुसरं काही म्हणावं असं तिला वाटलं नाही, आणि आता मलाही वाटत नाही.

"तुला किती पाहिजे?"

वेग किती, असं विचारल्यावर दहा मिनिटं जे उत्तर मिळालं नव्हतं ते आता लगेच आलं नाही, पण आलं. तिने मनगट टेबलावर टेकवलं. कोपर हलू न देता पंजा डावीकडून उजवीकडे, जितका न ताणता जातो तितका नेला. मला टेप धरायला लावली. तीन इंच, त्यावर थोडं. तिने वरचं थोडं सोडून दिलं. "तीन. मला एक पन्ना तीन इंचात पाहिजे."

हे वाचणाऱ्यांत माऊसवर खेळ खेळणारी मुलं असतील तर ती हसतील. त्यांना हे ठाऊक आहे. अचूक नेम लागणारी पोरं सरकपट्टीवर विसंबत नाहीत, पूर्ण गिरकीला हात किती सेंटीमीटर जातो ते एकमेकांना सांगतात. पण कॉम्प्युटर विकत घेणाऱ्या साध्या माणसाला कुणी त्याचं मनगट किती जातं हे विचारत नाही. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय चष्मा देत नाहीत. चप्पल घालून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही. आणि ज्या वस्तूवर दिवसाचे आठ-आठ तास पंजा ठेवायचा, तिचं माप कारखान्यातून येतं तेच. बाण पळतो तेव्हा माणूस स्वतःला अडाणी समजतो. आईसुद्धा समजली होती. "मला नाही जमायचं आता ह्या वयात," हे वाक्य ती सकाळपासून दोनदा बोलली होती, आणि मी त्यावर, देवा, "जमेल गं सवयीने" असं म्हटलं होतं. सवयीने अंगाला घट्ट ब्लाउजही जमतो. श्वास कमी घ्यायचा.

हिशेब मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर केला. १,३६६ भागिले तीन, इंचाला ४५५ ठिपके. माऊस देतो सोळाशे. म्हणजे गुणक ०.२८. सपाट चालीत गुणक म्हणजे एक अधिक आपण घातलेला आकडा, तेव्हा आकडा उणे ०.७२. घातला. आईने मनगट टेकवलं, पंजा नेला. बाण डाव्या कडेपासून निघाला आणि उजव्या कडेला येऊन टेकला. तिने एकदा मागे नेला, एकदा पुढे आणला. मग काही न बोलता "मुंढा"वर जाऊन थांबली आणि क्लिक केलं.

दोन क्लिकमधल्या अंतराचं राहिलं होतं, तेही माऊसच्या सेटिंग्जमध्ये उरकलं. तिची बोटं दुसरं टिचकं जरा निवांत मारतात. कॉम्प्युटरने वाट बघण्याची मुदत वाढवली, काम झालं.

मी विजयाने कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर बाण पुन्हा सुसाट, आणि पट्टी पुन्हा रबराची. एक्सइनपुटने दिलेलं माप यंत्र बंद केलं की विसरलं जातं, हे मला माहीत होतं आणि आनंदात विसरले होते. दोन्ही आज्ञा एका फाइलमध्ये घातल्या, आधी पाच सेकंद थांबायची तिसरी ओळ लिहिली, कारण एक्सएफसीई स्वतःची मापं चढवतं त्यानंतर आपली चढली पाहिजेत, आणि ती फाइल दर वेळी आरंभी चालावी अशी सोय केली. आई टाका घातल्यावर मागे गाठ मारते तसंच हे.

कुणाकडे वेलंड ही नवी प्रणाली असेल, आता बऱ्याच ठिकाणी तीच असते, तर एक्सइनपुटची ही वाट तिथे बंद आहे. तिथे ज्याच्या-त्याच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच वेग आणि चाल ठरवायची. सपाट चाल बहुतेकांत मिळते. टेप मात्र तुमचीच लागेल.

माझ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर मी परत आल्यावर काय केलं? सपाट चाल लावून बघितली. चार दिवस चालवली आणि काढून टाकली. माझ्या हाताला रबराची सवय आहे, आणि पानं जुळवताना एका टोकाच्या समासापासून दुसऱ्या टोकाच्या तळटीपेपर्यंत एका झटक्यात जावं लागतं. मी फक्त मनगट किती जातं ते मोजलं आणि वेग त्याप्रमाणे उतरवला. हा बेशिस्तपणा आईला सांगितलेला नाही.

जानेवारीपर्यंत तिने दीडशे गिऱ्हाइकांची मापं आत घातली. मग संक्रांतीच्या सुमाराला उंदरानेच माऊसची वायर कुरतडली. खरोखरच्या उंदराने, मी यात काही रचत नाही. तिने दुसरा आणवला आणि मला फोन केला.

"रबर परत आलंय."

नवा माऊस, नवं नाव. जुन्या नावाची आज्ञा त्याला लागू होत नव्हती. फोनवर मी तिच्याकडून यादी वाचून घेतली, फाइलमधलं नाव बदलून घेतलं, आकडा तूर्त शून्य घालायला लावला. आता सोळाशेचा नसेल, त्याचा डीपीआय मोजायला ते साधन कसं चालवायचं हे सांगायला मी सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, थांब. टेप ताणल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला, पत्र्याचं टोक टेबलाला लागल्याचा.

"सव्वा इंचाच्या आत एक पन्ना जातोय. तिनाचं करून दे."

त्रैराशिकच होतं. मी सांगितलं, उणे ०.६२. तिने तो वहीत लिहून घेतला, स्वतःच्या नावाखाली, मागच्या गळ्याच्या पुढच्या ओळीत.